गोळी एकाची, वाट घराची

सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. भामरागडहून निघणाऱ्याला थोडे कमी पडते, पण पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की गावाचा संपर्क तुटतो, हा तिथला वर्षानुवर्षांचा अनुभव. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरला आहे. त्यातला तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा आणि 2011 च्या जनगणनेनुसार वस्ती जेमतेम पावणेअकरा लाखांची. अशा मुलखात घरातल्या एखाद्याचा रक्ताचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो, तेव्हा डॉक्टर, समुपदेशक आणि औषध सरकार पुरवते. तिथपर्यंतची वाट मात्र घराला काढावी लागते.

एचआयव्हीच्या संदर्भात कुटुंबाच्या आधाराची चर्चा बहुधा मायेच्या भाषेत होते. धीर द्यावा, जवळ बसावे, एका ताटात जेवावे. यात चूक काहीच नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीत उपचार सुरू होणे आणि टिकणे ज्यांवर ठरते त्या गोष्टी अधिक रोकड्या आहेत: एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, मिरची तोडायला जाताना सोबत न्यायच्या गोळ्या, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची व कोणाला नाही याबद्दल घरात झालेली बोली. या लेखाचे म्हणणे असे की उपचार सुरू करणाऱ्या माणसाची गोळी त्याच्याच ताब्यात राहू द्यावी आणि घराने वाटेचा भार उचलावा. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. गोळ्यांवर पहारा बसतो आणि दवाखान्यात माणूस एकटाच जातो.

असे का होते, याचे एक कारण भीतीच्या वयात आहे. पहिल्या दिवशी घरात जी भीती शिरते ती खरी असली तरी जुनी असते. भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा 1986 मध्ये चेन्नईत उघड झाला. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून तो समोर आला. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे अहवाल देणाऱ्या डॉक्टरकडे सर्वसामान्य रुग्णाला परवडेल असे सांगण्यासारखे काही नव्हते. परदेशात औषधे होती, पण त्यांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर जाई. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केला आणि जगभरचा हिशेब बदलला. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून मोफत औषधोपचार सुरू केले. ज्या मोजक्या रुग्णालयांत ते पहिल्यांदा सुरू झाले, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

तेव्हाही औषध सर्वांना मिळत नव्हते. रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी 200 च्या खाली घसरेपर्यंत रुग्णाने थांबायचे, असा नियम होता. म्हणजे माणूस बराच खंगल्यावर दार उघडे. पुढे ही मर्यादा 350 आणि नंतर 500 पर्यंत वर सरकली. एप्रिल 2017 पासून ती राहिलीच नाही. अहवाल पॉझिटिव्ह आला की सीडी-फोर कितीही असो, उपचार सुरू. औषधेही बदलली. सुरुवातीच्या काळातली स्टॅव्हुडिन असलेली गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागे, आणि ती दीर्घकाळ घेणाऱ्यांचे गाल बसत. गाव नुसत्या चेहऱ्यावरून ओळखू लागे. नंतरच्या इफॅव्हिरेंझने चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्यूटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत येतात. दिवसातून एकदा घ्यायची ही गोळी बहुतेकांना सोसते.

गावातल्या माणसाच्या मनातले चित्र मात्र नव्वदच्या दशकातल्या भिंतीवरच्या जाहिरातीतल्या कवटीचेच राहिले आहे. त्यामुळे अहवाल आल्यावर घर एक तर सुतकात जाते, नाही तर चौकशी सुरू करते: कुठून आले, कोणामुळे आले, ट्रकवर होता म्हणून का, कोळसा खाणीकडे राहिला म्हणून का. बल्लारपूर, घुग्घूस, गडचांदूर, राजुरा हा खाणींचा, सिमेंटचा आणि मालवाहू गाड्यांचा पट्टा. तिथल्या कामगाराच्या बाबतीत ही चौकशी फार लवकर निकालाला पोहोचते. उपचाराच्या दृष्टीने या प्रश्नाच्या उत्तराला काही किंमत नाही. कोणामुळे लागण झाली हे ठरल्याने औषध बदलत नाही, मात्राही बदलत नाही. पहिला महिना मात्र वाया जातो.

घराला अद्ययावत करणारी सर्वात मोठी बातमी महाराष्ट्राशीही जोडलेली आहे. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात पुणे आणि चेन्नई ही भारतातली केंद्रे होती. जोडीदारांपैकी एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. मे 2011 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. पुढच्या युरोपीय अभ्यासांनी याच्या पलीकडचे पाऊल टाकले. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातले विषाणूंचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली गेले आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. ही पातळी गाठायला साधारण सहा महिने लागतात आणि ती गाठली की नाही हे व्हायरल लोडच्या तपासणीतूनच कळते. तोवर निरोध वापरायचा. एका घरात राहण्याने, एका हंड्यातले पाणी पिण्याने, लेकराला मांडीवर घेण्याने लागण कधीच होत नव्हती. घरातल्या किमान एका माणसाने हे समुपदेशकाच्या तोंडून, रुग्णाच्या शेजारी बसून ऐकले पाहिजे. रुग्णाने घरी येऊन सांगितले तर तो स्वतःची वकिली करतो असे वाटते. समुपदेशकाने दोघांना एकदम सांगितले की ती माहिती होते.

सोबत जायचे ते या कारणासाठी, आणि आणखीही एका कारणासाठी. पहिल्या भेटीतच कामे पुष्कळ असतात. आयसीटीसी या तपासणी-समुपदेशन केंद्रात तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी अहवाल पक्का झाल्यावर रुग्णाला एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, केंद्रात पाठवतात. तिथे नोंदणी होते, वजन घेतात, सीडी-फोर, मूत्रपिंड, यकृत, कावीळ अशा तपासण्या होतात, आणि क्षयाची चार लक्षणे विचारली जातात: खोकला, ताप, वजनातली घट, रात्रीचा घाम. धसका बसलेल्या माणसाच्या डोक्यात यातले निम्मेसुद्धा राहत नाही. सोबतच्या माणसाने कागद सांभाळले, तारखा लिहून घेतल्या, दोन वेळा प्रश्न विचारला, तरी पुष्कळ झाले. मार्गदर्शक सूचनांनुसार तयारी असलेल्या रुग्णाला त्याच दिवशी, नाही तर सात दिवसांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटले की तो पुढचा आठवडा कधी कधी उगवतच नाही. म्हणून सोबत आलेल्याने एक गोष्ट आग्रहाने विचारावी: आज सुरू करता येईल का?

क्षयाचा प्रश्न या दोन जिल्ह्यांत जपून हाताळावा लागतो. एचआयव्ही असलेल्या माणसांच्या मृत्यूचे जगातले सर्वात मोठे कारण क्षय आहे. गडचिरोलीत ताप म्हटला की पहिले नाव मलेरियाचे निघते, आणि ते साहजिकही आहे. पण उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येणाऱ्या तापामागे वेगळेच काही असू शकते. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते तसा आतापर्यंत दबून असलेला क्षय उसळून वर येतो. ताप वाढतो, गाठी सुजतात, माणूस आधीपेक्षा आजारी दिसू लागतो. घरच्यांना वाटते, गोळी लागू पडली नाही, उलट तिनेच खाल्ले. गोळी बंद होण्याचा हा ठरलेला टप्पा आहे. या टप्प्यावर घराने करायची गोष्ट साधी पण तातडीची: गोळी आपल्या मनाने थांबवू नये, आणि रक्त तपासून मलेरिया नाही असे कळले म्हणून निश्चिंतही होऊ नये. ज्या केंद्रात औषध सुरू झाले तिथे माणसाला न्यावे. क्षय निघालाच तर त्याचे औषध जोडून घ्यावे लागते. रिफाम्पिसिन सुरू असताना डोल्यूटेग्राव्हिरची मात्राही वाढवावी लागते. हे गावातल्या दुकानातून सुटणारे प्रकरण नाही.

बाकीच्या खबरदाऱ्या घरगुती आहेत आणि त्या माहीत असल्या तर भांडणे वाचतात. आशाताई घरातल्या बायांना लोहाच्या गोळ्या देतात. लोह किंवा कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी एआरटीच्या गोळीसोबत घेतली तर डोल्यूटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात किंवा दोहोंत अंतर ठेवावे, आणि किती ते केंद्रात विचारून घ्यावे. टेनोफोव्हिर घेणाऱ्याने अंगदुखीसाठी झोलाछाप डॉक्टरकडून वरचेवर सुया टोचून घेणे मूत्रपिंडाला महाग पडू शकते. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न येणे होऊ शकते, आणि ते बहुधा ओसरते.

पुजाऱ्याचा विषय त्याहून नाजूक. माडिया-गोंड गावांत आजार पहिल्यांदा पुजाऱ्याकडे जातो, दवाखान्यात नंतर. शहरातून आलेले आरोग्याचे लोक यावर ‘अंधश्रद्धा’ म्हणून तुटून पडतात, आणि घराला दोन्हींतले एक निवडायला लावतात. निवड करायला लावली की हरण्याची शक्यता दवाखान्याची असते, कारण पुजारी गावात आहे आणि दवाखाना नदीपलीकडे. घरातल्या शहाण्या माणसाने इथे वाद टाळावा. पूजा होऊ द्यावी, पण गोळीत खंड नको आणि पोटात घ्यायची जडीबुटी डॉक्टरला सांगितल्याशिवाय नको, एवढी अट घालावी. दारूचेही तसेच. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती 2015 ते 2021 अशी होती, आणि मोहाची दारू दोन्हीकडे बंदीला पुरून उरली. पिणाऱ्या माणसाला घरचे म्हणतात, ‘प्यायलास तर गोळी घेऊ नको, अंगावर येईल.’ तो ऐकतो, आणि प्यायलेल्या प्रत्येक दिवशी गोळी चुकते. दारू सुटावी हा आग्रह योग्यच, पण गोळीला त्याच्याशी बांधू नये. महिन्यात एकाहून जास्त गोळी चुकू लागली की उपचाराचा पाया हलतो.

आता गुपिताकडे. घराच्या आधाराची खरी कसोटी इथे लागते, कारण या मुलखात एकटेपणा जितका कमी तितकी खासगी जागाही कमी. कोणी कोणत्या गाडीने गेले, कोणत्या दवाखान्याच्या कोणत्या खोलीपुढे बसले, हे संध्याकाळपर्यंत गावात पोहोचते. घराबाहेर पडलेली बातमी परत घेता येत नाही. ‘काकाला तरी सांगू, तो आपलाच आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने आधी ज्याची बातमी आहे त्याला विचारावे. कायदाही हेच सांगतो. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यानुसार कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. जोडीदाराला धोका असेल आणि समजावूनही रुग्ण सांगत नसेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण त्यामुळे मारहाण होईल किंवा बाई घराबाहेर काढली जाईल अशी रास्त भीती असेल तर तेही नाही. याच कायद्याच्या कलम 29 नुसार ज्या सामायिक घरात तो माणूस राहतो तिथून त्याला काढता येत नाही, घराचा कोणताही भाग त्याच्यासाठी बंद करता येत नाही. वेगळी थाळी आणि ओसरीवरची वेगळी खाट या गोष्टींना आता माणुसकीच्याच नव्हे, कायद्याच्याही चौकटीत उत्तर आहे. त्याआधी, 1997 मध्येच, मुंबई उच्च न्यायालयाने काम करण्यास सक्षम असलेल्या एचआयव्हीबाधित कामगाराला केवळ त्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला होता. खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या चंद्रपूरच्या घरांनी तो माहीत करून घ्यावा असा आहे.

कायदा आला म्हणून घर बदलत नाही, हे चंद्रपूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. वरोऱ्याजवळचे आनंदवन ही त्याची साक्ष. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली ती कुष्ठरोग्यांना घरांनी बाहेर काढले होते म्हणून. कुष्ठरोग पूर्ण बरा करणारी बहुविध औषधयोजना 1980 च्या दशकात देशात आली. पण कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून भारतीय कायद्यांत 2019 पर्यंत टिकून होते. औषध आणि कायदा यांच्यात साडेतीन दशकांचे अंतर पडले, आणि त्या काळात बरी झालेली माणसेसुद्धा घरी परतू शकली नाहीत. एचआयव्हीच्या बाबतीत हे अंतर बरेच कमी राहिले. मोफत औषध 2004 चे, कायदा 2017 चा. आनंदवनाने हजारो माणसांना घर दिले, तरी बाधितांसाठी वेगळी वसाहत हा एचआयव्हीवरचा मार्ग होऊ शकत नाही, आणि तो होण्याची गरजही राहिलेली नाही. औषध घेणारा माणूस रोवणीला जाऊ शकतो, खाणीत पाळी करू शकतो, मूल जन्माला घालू शकतो. त्याला राहायला स्वतःचे घर हवे आहे.

‘घराने आधार द्यावा’ या म्हणण्यावर सर्वात जोरदार आक्षेप बायकांच्या बाजूने येतो, आणि तो बिनतोड आहे. गरोदरपणात प्रत्येक बाईची एचआयव्ही तपासणी होते. त्यामुळे अनेक घरांत पहिला अहवाल सुनेचा येतो आणि नवऱ्याने तपासणी केलेलीच नसते. आधी कळले ते हिचे, म्हणून आले ते हिच्यामुळे, असा न्याय लगेच होतो. अशा बाईला ‘घरच्यांना विश्वासात घे’ म्हणणे म्हणजे तिला धोक्यात ढकलणे. स्त्रियांच्या आजारांवर मौन किती जाड असते हे जगाला पहिल्यांदा गडचिरोलीनेच दाखवले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के. दुखणे होते, बोलायला माणूस नव्हता.

म्हणून ‘घर’ याचा अर्थ सासर, चूल आणि कुळ असा धरू नये. आधाराला एक माणूस पुरतो. तो नवरा असेल, आई असेल, माहेरची बहीण असेल, कधी शेजारीण असेल. निवड बाधित व्यक्तीने करायची, घरातल्या कर्त्याने नव्हे. गरोदर बाईच्या बाबतीत तर वेळही फार थोडा असतो. काहीच उपचार न केल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण 15 ते 45 टक्के असते. आईला वेळेवर औषध, जन्मल्यावर बाळाला औषध आणि सहाव्या आठवड्यात बाळाची तपासणी, एवढे झाले की ते पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. अशा वेळी बहिणीने तिला जिल्ह्याच्या गावी नेऊन आणले आणि सासरी ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगितले, तर त्या खोट्याचा दोष कोणी काढू नये.

आणि नवऱ्याने तपासणी करून घ्यावी, हे म्हणण्याचे काम त्या बाईवर टाकू नये. ते सासऱ्याने, दिराने किंवा समुपदेशकाने करावे.

गोळी त्याच्याच ताब्यात असावी, या मुद्द्यालाही विरोध होतो. गोळ्या मोजल्या नाहीत तर माणूस चुकवणार, असे घरच्यांना वाटते. इथे हैतीचा अनुभव उपयोगी पडतो. डॉ. पॉल फार्मर यांच्या संस्थेने 1990 च्या दशकाच्या शेवटी कांज या डोंगरी गावात एड्सच्या रुग्णांना औषधे द्यायला सुरुवात केली. गरीब माणसे घड्याळ पाहून गोळ्या घेणार नाहीत, असे तेव्हा मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते. फार्मर यांनी प्रत्येक रुग्णाला गावातलाच एक सोबती जोडून दिला. तो रोज घरी येई, गोळी घेताना समोर असे, पण त्यासोबत धान्य, मुलांची शाळा, बसभाडे यांचीही चौकशी करी. उपचार टिकले. गडचिरोलीला ही कल्पना परकी नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आणला. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा ठसा पुढे आशा योजनेवर उमटला. दोन्हीकडे यश सोबतीने मिळाले. सोबती रोज येत होता, पण तो अडचण विचारत होता. ‘घेतली का?’ हा प्रश्न रोज विचारला की लवकरच ‘घेतली’ असे खोटे उत्तर मिळू लागते. ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, पुढची तारीख कधी?’ या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याचे कारणच उरत नाही.

तारखेवरून मिरचीची आठवण होणे भाग आहे. दर हिवाळ्यात दोन्ही जिल्ह्यांतली माणसे, अनेकदा अख्खी कुटुंबे, मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. 2020 च्या टाळेबंदीत हजारो मजूर तिकडे अडकले तेव्हा या स्थलांतराचा आकार उर्वरित महाराष्ट्राला कळला. मग मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्याचा उपचार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, त्याची सुरुवातीची दर पंधरवड्याची आणि महिन्याची फेरी नेमकी हंगामात येते. स्थिरावलेल्या रुग्णाला तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, एआरटी केंद्राला जोडलेल्या जवळच्या लिंक केंद्रातून घेता येतात, आणि हिरवे बुक, म्हणजे रुग्णाकडची उपचाराची नोंदवही, दाखवून दुसऱ्या राज्यातल्या एआरटी केंद्रातूनही तात्पुरता साठा मिळण्याची सोय आहे. पण हे मागावे लागते, आणि निघण्याआधी मागावे लागते. मुकादमाची गाडी ठरली की मागायला वेळ उरत नाही. पहिल्याच वर्षी मिरचीला कोण जाईल आणि कोण मागे राहील, याचा फेरविचार करणे, त्याच्या वाटणीची मजुरी बाकीच्यांनी भरून काढणे, हा घराने देण्याजोगा सर्वात मोलाचा आधार आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे घरावर का टाकायचे? सरकारचे काम सरकारने करावे. बरोबर आहे. सरकार हटले तर घर काही करू शकत नाही, हे दक्षिण आफ्रिकेने भोगले. थाबो एम्बेकी यांच्या काळात एचआयव्हीच्या औषधांवर सरकारनेच शंका घेतली. हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार त्या दिरंगाईत तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे सरकारने औषध नाकारलेले नाही. देशात पंचवीस लाखांच्या आसपास माणसे एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतली जवळपास चार लाख महाराष्ट्रातली, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. औषधांची व्यवस्था एवढ्या माणसांसाठी उभी आहे. कमी पडते ती शेवटच्या टप्प्याची समज. एचआयव्हीबाधितांना साध्या एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, पण ती घेताना कंडक्टरसमोर कागद दाखवावा लागतो, आणि आपल्या भागातला कंडक्टर ओळखीचा असतो. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना मासिक अर्थसाहाय्य मिळते, पण अर्ज गावातल्या आणि तहसीलच्या टेबलांवरून फिरतो. सवलतीची किंमत गुपिताने मोजावी लागत असेल तर माणूस पदरचे भाडे भरून जातो. कोणत्या आजारासाठी हे न सांगणारा एकच प्रवास-पास सिकलसेल, डायलिसिस, एचआयव्ही अशा सर्व दीर्घ आजारांना दिला तर यातला अर्धा त्रास संपेल. मिरचीच्या हंगामाआधी लांबच्या तालुक्यांतल्या उपजिल्हा रुग्णालयांत जादा साठा पोहोचवणे आणि स्थिर रुग्णांना न मागता तीन महिन्यांच्या गोळ्या देणे, हेही जिल्हा पातळीवर ठरवता येण्यासारखे आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर अहवाल हाती घेऊन बसलेल्या घराला वाट पाहता येत नाही. त्या घराने या आठवड्यात करण्याची कामे मोजकी आहेत: ज्याचा अहवाल आहे त्याला विचारून सोबतीचा एक माणूस ठरवावा, त्याने पहिल्या भेटीला जावे, लक्षात ठेवायचे ते लिहून घ्यावे, पहिल्या सहा महिन्यांतल्या फेऱ्यांचे भाडे आणि बुडणारी मजुरी घराच्या हिशेबात धरावी, आणि बाकी कोणालाही काहीही सांगू नये. शंका आली तर 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे फोन करणाऱ्याला आपले नाव सांगावे लागत नाही.